चटई कोण उचलणार?

इथे सामोआ बेटांवर, आमच्या वाइलोतो गावात हल्ली स्वातंत्र्यदिनाला मांडव घालतात, जुन्या पुढाऱ्यांचे फोटो लावतात आणि फोटोंना हार घालतात. मी दर वर्षी जाते, म्हातारी म्हणून मला पुढे बसवतात, आणि दर वर्षी मी मनातल्या मनात चिडते. त्या फोटोंत माझी आत्या नाही. ती कुठल्याच फोटोत नाही. एकदा राजधानीहून, आपियाहून, आलेल्या फोटोवाल्यानं तिला जरा उन्हात उभी राहा म्हणून सांगितलं, तर म्हणाली, "नाही. मला काम आहे." संपला विषय. म्हणून मी हे लिहायला बसले आहे.

तिचं नाव मासिना. माझ्या वडिलांची थोरली बहीण. आम्हा सामोअन लोकांत भाऊ बहिणीपुढे वाकतो, घराण्याचा मताई म्हणजे प्रमुख झाला तरी वाकतो. बहीण म्हणजे भावानं दिलेला शब्द. तिला दुखवलं तर शब्द मोडला असं आम्ही मानतो. माझ्या बाबांचं, सेउलींचं, बोलणं गावाच्या सभेत कुणी खाली पडू देत नसे, पण घरी आत्या नुसती खाकरली तरी बाबा वाक्य अर्ध्यावर सोडत.

आत्याला 'नाही' म्हणायला फार छान यायचं. पहिलं महायुद्ध संपलं त्या वर्षी बोटीतून ताप आला. एका आठवड्यात आत्याचा नवरा गेला, पाठोपाठ सहा वर्षांची पेपे गेली. गावात धडधाकट माणसं इतकी थोडी उरली की खड्डे खणायला हात पुरेनात. वर्षभरानं पाद्रीबाबा आत्याकडे आले आणि म्हणाले, देवळाचे कारभारी दुसऱ्यांदा विधुर झाले आहेत, चांगला माणूस आहे, तू विचार कर.

आत्यानं विचारलं, "त्यांच्या आधीच्या दोन्ही कशानं गेल्या?"

"देवाची इच्छा, मासिना."

"मग देवाला तिसऱ्यांदा कशाला त्रास देताय?"

पाद्रीबाबा हसू दाबत निघून गेले. कारभाऱ्यांनी मात्र पुढे दोन वर्षं देवळात आत्याकडे पाहिलं नाही.

ती विणायची. आमची मानाची चटई झोपायची नसते, बसायचीही नसते. केवड्याची पानं समुद्रात भिजवून, उन्हात पांढरी करून, नखानं चिरून दोऱ्याएवढी बारीक करायची आणि विणायची. होते ती मऊसूत लुगड्यासारखी. लग्नात, मयतात, मताईच्या मानपानात ती एका घरातून दुसऱ्या घरी जाते, आणि कुठली चटई कुणाच्या घरून कुणाकडे गेली हे म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं. आत्यानं एक चटई पेपेच्या लग्नासाठी म्हणून पेपे रांगत होती तेव्हाच सुरू केली होती. ताप आला तेव्हा ती हातभर झाली होती. मग तीन वर्षं ती झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून आढ्याला टांगलेली राहिली. एके दिवशी आत्यानं ती खाली काढली आणि काही न बोलता पुढे विणायला घेतली. झालेला भाग ती नेहमी गुंडाळूनच ठेवी. आम्ही बायका विणकामाच्या घरात एकत्र बसायचो, एकमेकींच्या विणीला नावं ठेवायचो, पण आत्याची गुंडाळी उलगडायची कुणाची छाती नव्हती.

"आत्या, आता ही कुणासाठी गं?" मी एकदा विचारलं.

"तुझ्यासाठी नाही एवढं नक्की. तुझी वीण बघ, पोरं खाली पडतील त्यातून."

सरकार तेव्हा न्यूझीलंडचं. जर्मन गेले आणि हे आले. यांनी आमच्या माणसांना गावाबाहेर काढलं, मताईंची पदं कागदावरून खोडली, आणि वर चटयांची देवघेव म्हणजे वेळेचा नास आहे, बायकांनी त्यापेक्षा नारळ लावावेत, असाही शोध लावला. एक साहेब दुभाष्याला घेऊन विणकामाच्या घरी आला. आत्यानं हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, "साहेबांना विचार, त्यांच्या बाईसाहेबांच्या गळ्यात मोत्यांची माळ आहे ती कशाला लागते?" दुभाष्यानं घाम पुसला आणि साहेबाला काहीतरी भलतंच सांगितलं, कारण साहेब खूश होऊन गेला.

मग आमची चळवळ सुरू झाली. माउ तिचं नाव. माउ म्हणजे ठाम मत. निळ्या लुंगीला खाली पांढरा पट्टा, हा आमचा गणवेश. कर द्यायचा नाही, नोंदणीला जायचं नाही, व्यापाऱ्यांना खोबरं विकायचं नाही आणि त्यांच्या दुकानातून काही घ्यायचं नाही. आमच्या गावात दुकान एकच, आलापातीचं. त्याच्या वाटेवर गावानं नारळीची झावळी बांधली. झावळी बांधली म्हणजे वाट बंद. ओलांडील त्याच्या घरून डुक्कर दंड. रॉकेल गेलं, साबण गेला, डब्यातलं मांस गेलं. मी तेव्हा बावीस वर्षांची, नवी लग्न झालेली, घोषणा द्यायला सगळ्यांत पुढे. पण एकदा मागच्या दारानं साबणाची एक वडी आणलीच. आत्यानं माझा हात धरला, हुंगला आणि म्हणाली, "चल." समुद्रावर नेऊन माझ्याकडूनच ती वडी पाण्यात टाकवली. फेस आला तसं म्हणाली, "बघ, मासे तरी गोरे होतील."

हा आलापाती म्हणजे आमच्यातलाच, असं म्हणावं तर म्हणता येत नव्हतं, आणि परका म्हणावं तर त्याची आई आमच्याच गावची. बाप जर्मन, युद्धानंतर सरकारनं जर्मनांना बोटीत घातलं त्यात तो गेला. आई तापात गेली, आईचं सगळं घर तापात गेलं, त्यांच्या चटया त्यांच्याबरोबर पुरल्या गेल्या. उरला एकटा आलापाती, पत्र्याचं दुकान आणि सरकारी कागद. त्या कागदावर तो 'युरोपियन' होता. बंदरात गोऱ्यांचा एक क्लब होता. तिथे तो एकदा पांढरी पॅन्ट घालून गेला, तर दारावरचा म्हणाला, सामान असेल तर स्वयंपाकघराच्या बाजूनं आणा.

चळवळीच्या दुसऱ्या वर्षी तो निळी लुंगी नेसून गावाच्या सभेत आला. सभेच्या घराला भिंती नसतात, नुसते गोल खांब. प्रत्येक मताईचा आपला खांब, त्याला पाठ टेकून तो बसतो. आलापाती बाहेरच्या खड्यांवर उभा राहिला.

"काका, मलाही घ्या," तो बाबांना म्हणाला. "मी दुकान आपणहून बंद करतो. मला फक्त तुमच्यात बसू द्या."

बाबांनी त्याच्या लुंगीकडे पाहिलं. "कागदावर तू युरोपियन आहेस ना? ही भानगड आमची आणि सरकारची. तू दुकान सांभाळ."

"दुकानाला तुम्ही झावळी बांधली आहे."

"मग झावळी सांभाळ."

सभा खो खो हसली. मीही हसले, स्वयंपाकघरातून ऐकत होते. आत्या अळकुड्या सोलत होती, ती नाही हसली. आलापाती पाठ फिरवून गेला. लुंगी त्यानं वाटेतच सोडली असं कुणीतरी नंतर सांगितलं. खरं खोटं देव जाणे.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला गोरे शिपाई चळवळीच्या माणसांना पकडायला गावोगाव फिरू लागले. आमचे पुरुष रानात पळाले. गावात राहिलो आम्ही बायका. शिपाई विणकामाच्या घरी आले, सोबत तोच दुभाषा.

"पुरुष कुठे आहेत?" दुभाष्यानं विचारलं.

आत्या म्हणाली, "कुठले पुरुष?"

"या गावातले."

"या गावात पुरुष नव्हतेच कधी."

"मग ही एवढी मुलं?"

"केवड्याची आहेत. आम्हीच विणली."

आम्ही सगळ्या तोंडावर पदर घेतल्यागत चटया धरून हसलो. शिपायांनी तीन दिवस रान तुडवलं, हाती काही लागलं नाही.

चौथ्या दिवशी त्यांचा अंमलदार आलापातीच्या दुकानी गेला. झावळी त्याला काय अडवणार? त्यानं आलापातीशी हात मिळवला. 'मिस्टर' म्हणाला. स्वतः खुर्ची ओढून त्याला बसायला दिली, दोघांनी कॉफी घेतली. आणि बोलता बोलता आलापाती म्हणाला की वरच्या ओढ्यापाशी कुणाची शेती नाही, तरी सकाळी धूर दिसतो. एवढंच. हे सगळं त्यानं नंतर स्वतःच्या तोंडानं सांगितलं, म्हणून कळलं.

बाबा आणि आणखी तिघं त्याच दुपारी सापडले. पळताना बाबा खडकावरून पडले, उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. सहा महिने आपियाच्या तुरुंगात. परत आले ते काठी घेऊन. गुडघा कायमचा सरळ राहिला. आमच्यात माणसांत बसताना पाय पसरणं म्हणजे समोरच्याचा पाणउतारा, आणि बाबांना तर मांडी घालताच येईना. मग ते सभेत बसले की मी त्यांच्या पायावर एक लहानशी चटई टाकायची. दर वेळी बाबा दुसरीकडे बघायचे. दर वेळी माझ्या अंगाची आग व्हायची. आलापातीची दुकानदारी, त्याचा पत्रा, त्याची ती पॅन्ट, सगळं समुद्रात बुडालं तरी मला कमीच वाटलं असतं.

बाबा आले त्यानंतर महिन्याभरानं आलापाती विणकामाच्या घरी आला. खाली मान. मी उठून उभी राहिले, पण आत्यानं मला हातानं बसवलं.

"मावशी," तो म्हणाला, "मला काकांच्या दारात बसायचं आहे."

हे बसणं म्हणजे काय ते आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मोठा अपराध केला की अपराध्याच्या घरचे लोक पहाटे येतात, दुखावलेल्याच्या घरापुढे खड्यांवर बसतात आणि डोक्यावरून मानाची चटई ओढून घेतात. पुढ्यात सरपण, भट्टीचे दगड, केळीची पानं ठेवतात: वाटल्यास आम्हाला भाजून खा. घरातल्या माणसानं येऊन चटई उचलली की माफी झाली, आणि ती चटई त्या घराची. नाही उचलली तर पूर्वीच्या काळी बसलेले उठून परत जात नसत.

"मग बस की," आत्या म्हणाली. "मला काय विचारतोस?"

"माझ्याकडे चटई नाही. तुम्ही एखादी विकत द्या. सांगाल ती किंमत देतो."

विणकामाच्या घरातले सगळे हात थांबले. मानाची चटई विकत मागायची, आणि तीही ज्यांच्या दारात बसायचं त्यांच्याच घरची! दुकानात वाढलेला माणूसच असं बोलू जाणे.

"नाही," आत्या म्हणाली.

"मावशी, दुसरं कुणी माझ्याशी बोलत नाही."

"विकत नाही म्हटलं ना. ऊठ. माझी पानं सुकतात तुझ्या उसाशांनी."

तो गेला. मी टाळी वाजवली. "बरी जिरवलीस, आत्या!"

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की हात खाली घ्यावे लागले. त्या दिवसापासून ती उजाडताच विणायला बसू लागली. मान दुखायची, बोटं सुजायची, तरी उठेना. सहा आठवड्यांत चटई पुरी झाली. कडेला पाखरांची लाल पिसं लावली. बारा वर्षं रखडलेलं काम तिनं का उरकलं, हे मी विचारलं नाही, कारण मला वाटलं मला ठाऊक आहे. सरकारनं बाबांचं पद कागदावरून खोडलं होतं. गाव त्यांना नव्यानं मान देणार होतं. त्यासाठीच असणार.

एका सोमवारी पहाटे कोंबडा आरवला आणि माझा भाऊ इओआने ओरडला, "बाबा! दारात कुणीतरी बसलंय!"

आलापाती होता. एकटा. पुढ्यात सरपणाची मोळी, दगड, केळीची पानं, सगळं रीतसर. आणि डोक्यावर खोबऱ्याचं रिकामं गोणपाट.

गोणपाट! नुसता आला असता, काहीच न घेता, तरी एक वेळ चाललं असतं. पण चटईच्या जागी गोणपाट घेऊन बसणं म्हणजे तुमच्या मानाची एवढीच किंमत असं सांगणं. त्याला ते कळत नव्हतं असं नाही. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि तो थांबूही शकत नव्हता. आज हे मला समजतं. तेव्हा मला नुसता संताप आला होता. इओआनेनं वल्हं उचललं.

"ठेव ते," बाबा म्हणाले. ते घरातल्या आपल्या खांबाला टेकून बसले होते, पाय सरळ. मी चटई टाकायला विसरले होते, आणि तो लाकडासारखा पाय नेमका दाराकडे, आलापातीकडे रोखलेला होता.

"बाबा, उचलायचं नाही," मी म्हणाले. "तुम्हाला माझी शपथ आहे. बसू दे त्याला, सुकू दे त्याचं खोबरं."

ऊन चढलं. सगळं गाव झाडांखाली जमलं. शेजारच्या दोन म्हाताऱ्या पंखे घेऊन आल्या, जशा काही होड्यांच्या शर्यतीलाच आल्या आहेत. गोणपाटाखाली काही हलत नव्हतं. फक्त खड्यांवर घाम पडताना दिसायचा.

आत्या तिच्या घरातून निघाली. काखेत सालीच्या कापडाची गुंडाळी. लोकांनी वाट दिली. तिनं सरळ जाऊन आलापातीच्या डोक्यावरचं गोणपाट ओढून काढलं आणि लांब फेकलं. तो दचकला, तोंड लाल, डोळे सुजलेले.

"डोकं खाली," आत्या म्हणाली.

तिनं गुंडाळी सोडली. सकाळच्या उन्हात ती चटई पाण्यासारखी चमकली आणि झाडांखालच्या सगळ्या बायकांच्या तोंडून एकदमच आवाज निघाला. बारा वर्षं कुणी पाहिली नव्हती. आत्यानं ती त्याच्या डोक्यावर पसरली, कडा नीट केल्या. आम्हाला वाटलं, झालं, आता ती घरात येईल. तिनं चटईची एक बाजू उचलली, गुडघे टेकले आणि स्वतःच आत शिरून त्याच्या शेजारी बसली.

बहीण अपराध्याच्या बाजूला! भावाच्या दारात, उन्हात, झाकलेल्या डोक्यानं!

बाबांचा चेहरा पांढराफटक झाला. "ताई," ते म्हणाले, "ऊठ."

चटईखालून आवाज आला, "नाही."

"ताई, त्यानं काय केलं ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. तुझ्या पायाला रोज तेल मीच चोळते."

"मग तो तुझा कोण लागतो?"

"आजपासून मुलगा. त्याच्या घरून यायला कुणी नाही, म्हणून मी आले."

"मासिनाताई, सगळं गाव बघतंय."

"बघू दे. गावानंच त्याला हसून घालवलं होतं. तो आधी इथेच आला होता, सेउली. तुझ्याकडे. गोऱ्याकडे नंतर गेला."

पंखेसुद्धा थांबले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. हो, मी तेव्हाही मान हलवली. लपवण्यात अर्थ नाही.

बाबांनी काठी घेतली. खांबाला धरून उठायला त्यांना वेळ लागला. इओआने हात द्यायला गेला, त्याला त्यांनी ढकललं. घराच्या जोत्यावरून उतरताना पाय घसरला, सावरले. खड्यांवर काठीचा आवाज, मग ओढलेल्या पायाचा, पुन्हा काठीचा. एवढंसं अंगण, पण मला ते पायी आपियाला जाण्याइतकं लांब वाटलं. तिथे पोचल्यावर त्यांना वाकता येईना. गुडघा वाकत नव्हता ना. त्यांनी काठी टाकून दिली, आलापातीच्या खांद्यावर एक हात टेकला, चटईवरूनच, आणि त्याचा आधार घेऊन वाकले. मग दुसऱ्या हातानं चटई उचलली.

आधी आत्याला उठवलं. तिचे केस विस्कटले होते. बाबांनी तिच्यापुढे मान खाली घातली. मग आलापातीला म्हणाले, "चल आत. ऊन लागेल."

आलापातीला उठताच येईना. तो हुंदके देत होता, आणि बाबांचा हात अजून त्याच्या खांद्यावरच होता, कारण तो काढला असता तर बाबा पडले असते. शेवटी दोघं एकमेकांना धरूनच घरात आले. बाबांनी आपल्या शेजारचा खांब दाखवला. तापात गेलेल्या माझ्या चुलत्याचा खांब, बारा वर्षं रिकामा. "इथे बस," म्हणाले. दोन मताईंनी एकमेकांकडे पाहिलं, पण हरकत कुणी घेतली नाही.

चटई आता आमच्या घरची झाली. ती घडी घालायचं काम माझ्याकडे आलं. मी तोंड फुगवून एका बाजूला नेली, उलगडली, आणि सुरुवातीची कड पहिल्यांदाच पाहिली. कडेपासून हातभर अंतरावर, त्या सगळ्या सुबक विणीत, चार बोटांचा एक पट्टा वेडावाकडा होता. पाती कुठे सैल, कुठे ओढलेल्या, एका जागी भोकच राहिलेलं. मी बघत राहिले. इतकी वाईट वीण तर माझीही नव्हती. मग कळलं. सहा वर्षांच्या बोटांची होती ती. तापाच्या आधीच्या दिवसांत पेपेनं आईच्या शेजारी बसून विणलेली. आत्यानं ती उसवली नव्हती. तिथूनच पुढे विणत गेली होती, इतकी वर्षं. आणि ते तिनं आलापातीच्या डोक्यावर घातलं होतं.

मी तिथेच बसून रडले. चुलीपाशी गेले तेव्हाही थांबेना. नारळाच्या दाट दुधात शिजवलेली अळूची पानं तयार होती, नीरफणस भाजलेला होता. पाहुण्याला वाढायचं काम घरच्या मुलीचं, म्हणजे माझं. मी पान घेतलं, वाढलं, आणि नेऊन आलापातीच्या पुढ्यात ठेवलं.

"फार वेळ लावलास गं," आत्या म्हणाली. "नीरफणसाचं झाड लावून आलीस की काय?"

सगळे हसले. आलापातीही थोडं हसला. मी बाबांच्या पायावर छोटी चटई टाकायला वाकले, तर बाबा म्हणाले, "राहू दे. हा घरचाच आहे."

जेवणं होत आली. आलापातीनं दोनदा घसा साफ केला. आता त्याला खांब होता, आई होती, काका होते. माणसाला धीर येतोच. तो हळूच म्हणाला, "मावशी, मग आता ती झावळी काढू का? दुकान उघडतो. गावासाठी भाव कमी ठेवीन."

बाबा खायचे थांबले. मीही थांबले.

"नाही," आत्या म्हणाली, आणि आपल्या पानातली अळकुडी उचलून त्याच्या पानात घातली. "जेव आधी."